मी गेल्यावर कोणाला

दुसऱ्यांचे फॉर्म वाचायला मला आवडतं, हे आधीच कबूल करते. मोइराच्या ऑफिसात एकवीस वर्षं कागद लावतेय. मोइरा मध्यस्थ आहे. आमच्या बर्नी गावात ज्या जोडप्यांना कोर्टाची पायरी चढायची नसते, ती तिच्या टेबलाशी बसून काडीमोड उरकतात. घर, गाडी, बोट यांवरून सगळेच भांडतात, त्यात मला काही नवल नाही. मला उत्सुकता असते ती 'सुपर'ची. नोकरी लागल्यापासून साठवलेला आणि साठी येईपर्यंत कुलपात राहणारा तो म्हातारपणाचा पैसा. माणूस कसा जगला, ते त्या कागदांवर बरोबर दिसतं.

रेक्स आणि ग्लेनिस टिलयार्ड मंगळवारी आले. छत्तीस वर्षांचं लग्न, आणि दीड वर्षापूर्वी ग्लेनिस घर सोडून गेलेली. बासष्टीची बाई, वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत ओल्या चादरी उचलते. डावा गुडघा पार कामातून गेलेला. रेक्सच्या सुपरमधलं अर्धं मिळालं तरच तिला ते काम सोडता येणार होतं. रेक्स पाव हिस्सा देत होता, आणि तोही उपकार केल्यासारखा.

"मिल बंद पडेपर्यंत पेपरच्या मशीनवर चौतीस वर्षं काढलीत मी," तो म्हणाला. "आणि ही? आज शिंपले सोलायला, उद्या कांदे भरायला, परवा शाळेच्या कँटीनमध्ये. पुढचा विचार म्हणून कधी केला नाही हिनं."

"तुझ्या शिफ्ट सांभाळून, पोरीला शाळेतून आणून, मला दुसरं काय मिळणार होतं? बँकेच्या मॅनेजरची खुर्ची?"

"पोरगी माझीपण होती."

"हो का? तिचा वाढदिवस सांग बरं."

रेक्सनं खिडकीबाहेर बघितलं.

मोइराचा नियम साधा आहे: दोघांचे सगळे कागद टेबलावर. ग्लेनिसला तिच्या सुपरचं विचारलं, तर म्हणाली, "असेल बाई काहीतरी, कुठंतरी." मग मी तिला माझ्या कॉम्प्युटरशी बसवलं आणि करखात्याच्या नोंदीत शोधलं. एक नाही, दोन नाही, सहा खाती निघाली! इथली ही जुनीच खोड. नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी जो फॉर्म पुढं येईल त्यावर सही ठोकायची, की झालं नवं खातं. जुनं राहिलं तिकडंच. थेंबे थेंबे तळं साचतं म्हणतात, पण हिची सहा डबकी होती, आणि प्रत्येकातून फी आणि विम्याचे हप्ते वर्षानुवर्षं झिरपत गेलेले. सगळं मिळून एक जुनी गाडीसुद्धा आली नसती.

"बघा! म्हटलं नव्हतं?" रेक्सला जोर चढला. "मी जपून ठेवलं म्हणून आज वाटायला काही आहे. आणि ठेवलं कोणासाठी? आम्हा दोघांसाठीच ना!"

आता, सुपरच्या प्रत्येक कागदावर एक रकाना असतो: मी गेल्यावर पैसे कोणाला. मी आधी तोच वाचते. काडीमोडीत ही नावं बदलायची असतात, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवणं हे माझं कामच आहे. रेक्सचा कागद घेतला आणि वाचला.

"एल्वी टिलयार्ड. नातं, आई."

 एल्वीला जाऊन चोवीस वर्षं झाली होती. तिच्या अंत्यविधीला मीसुद्धा गेले होते.

"एकोणिसाव्या वर्षी भरला होता," रेक्स पुटपुटला. "नोकरीचा पहिला दिवस. नंतर राहूनच गेलं."

ग्लेनिसला हसू फुटलं. अगदी पोट धरून हसली ती. "तू मशीनमध्ये सापडला असतास, तर पैसे न्यायला सासूबाई थडग्यातून उठून आल्या असत्या होय रे? जिवंतपणी मला गाडीत पुढं बसू दिलं नाही, मेल्यावरही नंबर त्यांचाच!"

मग मी तिचे कागद वाचले. शिंपल्यांची शेड: रेक्स. कांद्याची: रेक्स. कँटीन, क्लबचं स्वयंपाकघर, बेकरी: रेक्स, रेक्स, रेक्स. सहावं खातं लाँड्रीचं, तारीख चौदा महिन्यांपूर्वीची. तिथंही रेक्स.

"हा तर तू गेल्यानंतरचा," रेक्स म्हणाला.

"माहीत आहे मला."

"मग माझं नाव का?"

ग्लेनिस गुडघा चोळत राहिली. "पहिला दिवस होता. मुकादमीण डोक्यावर उभी. हातानं तेच लिहिलं. हाताला कोण सांगणार, मी सोडलंय म्हणून?"

 आईच्या नावाचा तो कागद रेक्सनं दोनदा सरळ केला. मग ग्लेनिसकडं न बघताच मोइराला म्हणाला, "अर्धं लिहा."

मला इतका आनंद झाला की मी उठून सगळ्यांना चहा केला.

नवी नावं भरायला दोघांना कोरे फॉर्म दिले. घरातले सगळे फॉर्म आजवर ग्लेनिसच भरत आली होती. रेक्सला पेन धरतानाच घाम फुटला. उलटं वाचायची कला मला अवगत आहे. त्यानं रकान्यात लिहिलं: ग्लेनिस.

"रेक्स, ते चालणार नाही," मी म्हटलं.  "काडीमोड झाली की बायकोचं नाव तिथं धरत नाहीत. पोरीचं लिही."

"आईचं चाललं की चोवीस वर्षं!"

"चाललं नाही, रेक्स. कोणी बघितलं नाही."

मी दुसरा फॉर्म दिला. पोरीचं नाव लिहून तो जन्मतारखेशी अडला. ग्लेनिसनं खालच्या आवाजात सांगितली, त्यानं लिहिली.

बिघडलेला फॉर्म फाडून टाकायचा, असा ऑफिसचा नियम आहे. मी हात पुढं केला, तर तो ग्लेनिसनं आधीच उचललेला. चार घड्या घालून तिनं तो पर्समध्ये ठेवला, कोट घातला आणि लंगडत निघाली. एकवीस वर्षं लोकांच्या कागदांत नाक खुपसतेय मी, पण त्या फॉर्मचं ती काय करणार, हे काही तिला विचारवलं नाही.