पिवळ्या ओळी

बाईंनी खुर्ची संगणकाच्या पडद्याच्या आणखी जवळ ओढली. पडद्याचे दोन भाग झाले होते. डावीकडं चिमणीनं ऑनलाइन ज्ञानकोशात लिहिलेली, दोर वळण्याच्या कामावरची नोंद. उजवीकडं बाईंची स्वतःची, पंधरा वर्षांपूर्वी छापलेली पुस्तिका. जिथं जिथं शब्द जुळत होते तिथं दोन्ही बाजूंना पिवळा रंग चढला होता. पान हळदीत बुडवून काढावं तसं दिसत होतं.

"चोरी केली, तीही फौजदाराच्या घरी!" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं आणि संगणक-खोली हसली.

नोंदीच्या माथ्यावर कोशाच्या एका स्वयंसेवी संपादकाची सूचना होती. मजकूर नकललेला दिसतो. दोन दिवसांत खुलासा न झाल्यास नोंद काढली जाईल आणि लिहिणारीचं खातं बंद होईल.

चिमणी बाईंच्या खुर्चीमागं उभी होती. आवाज बारीक म्हणून हे नाव पडलेलं. आज तर तो आणखीच बारीक झाला होता.

"शप्पथ बाई, मी तुमची पुस्तिका उघडलीसुद्धा नाही. आजी सांगते तसं लिहिलं मी. ती अजून दोर वळते."

बाई वर्षभर या मुलांना एकच गोष्ट शिकवत होत्या. वाचा, पुस्तक मिटा, खोलीबाहेर एक चक्कर मारा, मग आपल्या शब्दांत लिहा. आणि कुणाकडून घेतलं ते खाली सांगा. मुलं चेष्टेनं म्हणायची, पदवी मिळेपर्यंत आमचे जोडे झिजणार.

पहिली पिवळी ओळ त्यांनी मनात वाचली. दोर वळणारी दोराकडं बघत नाही, तळहाताला विचारते.

एक उंबरा आठवला. तीन दुपारी त्या तिथं बसल्या होत्या. समोरची बाई बोलत होती आणि त्या शब्दन् शब्द टिपून घेत होत्या. पुस्तिकेच्या शेवटी बावीस ग्रंथांची यादी होती. त्या बाईचा उल्लेख नव्हता. उंबऱ्यावरचं बोलणं म्हणजे काही संदर्भ नव्हे, असं तेव्हा वाटलं होतं. की वाटवून घेतलं होतं?

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. सगळ्या माना त्यांच्याकडंच वळलेल्या होत्या.

"घरातलं बोलणं कोशात चालत नाही," बाई म्हणाल्या. "छापील आधार लागतो. आपण वाक्यं बदलू आणि खाली पुस्तिकेची तळटीप देऊ."

"आजीच्या बोलण्याला तुमची तळटीप?"

"नियम आहे, बाळा."

दोघींनी मिळून एकेक ओळ बदलली. पहिली अशी झाली: कुशल कारागीर स्पर्शाच्या साहाय्याने पिळाचे प्रमाण निश्चित करतात. पिवळा रंग गेला. संध्याकाळपर्यंत संपादकानं सूचना काढली, वर 'छान सुधारणा' असंही लिहिलं.

"तुम्ही होतात म्हणून वाचले, बाई," जाताना चिमणी म्हणाली. बाई पिशवीत चष्म्याचं घर शोधत राहिल्या. चष्मा डोळ्यांवरच होता.

रोज सकाळी तासभर मौन पाळायचा त्यांचा नेम होता. दुसऱ्या दिवशीही पाळला. तोंड गप्प होतं, एवढंच.

दुपारी त्या चिमणीबरोबर तिच्या घरी गेल्या. आजी दारातच बसली होती. मांडीवर घायपाताच्या वाखाचे धागे आणि मागं सरकत गेलेला दोर. उंबरा तोच होता. आजीच्या डोळ्यांत मात्र आता सायीसारखं काहीतरी आलं होतं. तिनं ओळखलं नाही.

"बसा. हिच्या बाई ना तुम्ही? हिनं ते वाचून दाखवलं मला. परवा ऐकलं तेव्हा हसले. म्हटलं, अगं, आत मीच बसलेय की! आणि काल परत वाचलं तर... काय गं ते?"

"प्रमाण निश्चित करतात," चिमणी पुटपुटली.

"हां, प्रमाण! ज्यानं कुणी हे लिहिलं ना, त्यानं जन्मात दोर वळलेला नाही."

"आजी!"

"मग काय? आणि खाली कुणाचं तरी पुस्तक. म्हटलं, या पुस्तकवालीला माझ्या पोटातलं बरं कळलं!"

चिमणी ओशाळून बाईंकडं बघत होती. बाई उंबऱ्यावर बसल्या.

"ते प्रमाणाचं मी लिहिलं," त्या म्हणाल्या. "आणि पुस्तकातलंही मीच. इथंच बसून. तुम्ही सांगत होतात आणि मी उतरून घेत होते. तुमचं आहे, असं कुठंच लिहिलं नाही मी. काल वर्गातही सांगितलं नाही."

चिमणीनं हातातला मोबाइल उपडा करून खाली ठेवला.

आजी पीळ देत राहिली. वीतभर दोर झाला असेल.

"म्हणजे ती पोरगी तू," ती म्हणाली. "टोकाची गाठ सांगायची राहिली होती. उद्या येते म्हणालीस. चौथ्या दिवशी दिवस मावळेपर्यंत वाट बघितली मी."