केसांच्या बदल्यात

मी एक जुनी स्टीलची वाटी आहे. वाटीच्या आयुष्यात सांगण्याजोगं फारसं काही घडत नाही. वरण येतं, वरण जातं. पण मित्रांनो, माझ्या बहिणी दुकानातून पैसे मोजून घरोघरी गेल्या आणि मी केसांच्या बदल्यात आले, म्हणून माझी हकीकत थोडी निराळी आहे.

राज्य नवं झालं होतं आणि रायपूर राजधानी. राजधानीला शोभतील असे रुंद रस्ते हवे होते, म्हणून कडेची जुनी झाडं मुळासकट उपटणं सुरू होतं. त्याला विकास म्हणत. शालिग्राम रस्त्यांच्या त्याच खात्यात कारकून होता. बूढापारा मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत तो, त्याची बायको वनमाला आणि नववीतली मुलगी निधी राहत.

केसांवर भांडी देणारी बाई डोक्यावर टोपली घेऊन त्या गल्लीत आली, तेव्हा मी टोपलीत सगळ्यात वर होते. वनमालाने खिळ्याला टांगलेली पिशवी काढली. पलंगाखाली, टेबलाच्या मागे रोज केसांचे पुंजके सापडत. नळाच्या पाण्याला शिव्या देत ती ते साठवून ठेवी. बाईने पिशवी हातात तोलली. एवढ्या केसांची एवढीशीच वाटी काय, म्हणून वनमाला बराच वेळ भांडली. बाई म्हणाली, "अतका चुंदी म अतकेच मिलही, दीदी," एवढ्या केसांत एवढंच मिळेल. अशी मी घरात आले आणि वनमालाने गल्लीभर सांगितलं, वाटी फुकटात पडली.

गोल बाजारात नेऊन तिने माझ्या कडेवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घेतलं: कु. निधी. पुढे लग्नात कामी येईल म्हणून. ते केस कोणाचे आणि कसे निघाले, हे त्या घरात एकट्या निधीलाच माहीत होतं.

माझं काम तेलापासून सुरू झालं. वनमाला माझ्यात खोबरेल कोमट करी आणि लेकीच्या डोक्याला चोळी. टाळूवरच्या उघड्या जागेशी तिची बोटं हळू होत, जणू तिथे दुखत असेल. चाई लागली, असं तिने ठरवलं होतं. शेजारच्या सरलाकाकूंनी कांद्याचा रस सुचवला. तोही माझ्यातच. पुढे कित्येक दिवस माझ्यातल्या खिरीला कांद्याचा वास येई, आणि त्याबद्दल बोलणी मला बसत.

मग एका दुपारी वनमालाने पाहिलं. निधीसमोर भूमितीचं पुस्तक उघडं होतं. डावा हात केसांत शिरला. बोटांनी चाचपून एक राठ केस निवडला, ओढला, मूळ पाहिलं, केस टेबलामागे टाकला. हात पुन्हा वर.

"काहून उपटून राहिली वं?"

"पता नहीं मम्मी. हाथ अपने आप जाता है."

वनमालाने आधी लेकीकडे पाहिलं, मग ओट्यावर पालथ्या पडलेल्या माझ्याकडे. हिशोब तिला कळला. मला फेकलं मात्र नाही. वाटी चांगली होती.

त्यानंतर उपचार झाले. थापड झाली. हात ओढणीने बांधून झाले. बोटांना लावायला कडुलिंबाचा पाला वाटला, तो मीच धरला. शेवटी शालिग्रामने ऑफिसातल्या पद्धतीने प्रकरण निकाली काढलं. "सुट्ट्या लागेपर्यंत पाहतो. पुन्हा केस सापडले तं न्हाव्याले बलावतो. केसच नाही राहिले तं उपटन काय?" निधी ताटातला भात चिवडत राहिली. गोटा करून शाळेत जाणाऱ्या मुलीचं काय होतं, हे शाळेत जाणाऱ्यांनाच ठाऊक असतं.

त्याच जेवणात तिचा डावा हात नेहमीसारखा वर निघाला आणि वाटेत माझ्या कडेला लागला. ठिपके खरखरीत होते. बोटाने एक ठिपका शोधला, मग पुढचा. हात तिथेच थांबला.

दुसऱ्या दिवसापासून ती फुटाण्यांचं निमित्त करून मला अभ्यासाला घेऊन बसू लागली. फुटाणे संपत, मी मांडीवर राही. कधी हात चुकून केसांत जाई, पण परत येई. आपलं नाव ती बोटाने इतक्या वेळा वाचे की ठिपक्यांची धार बोथट होऊ लागली. टाळूवर मऊ लव आली. वनमालाने श्रेय तेलाला दिलं, सरलाकाकूंनी कांद्याला, शालिग्रामने धाकाला. मी धुऊन पालथी घातली गेले.

परीक्षा तोंडावर असताना सरलाकाकू साखर मागायला आल्या. "काय वं वनमाला, पोरगी वाटी घेऊन कोनाच्या दारी जाऊन राहिली?" त्या हसल्या. वनमालाही हसली आणि त्या गेल्यावर तिने मला हिसकून घेतलं. एक खूळ जात नाही तो दुसरं.

"मम्मी, वो कटोरी दे दो. उसको छूती हूँ तो बाल नहीं तोड़ती."

"असं कुठं असते काय? लग्नात देईन थे. अभ्यास कर."

पलंगाखालच्या पेटीत, लग्नासाठी जमवलेल्या भांड्यांत मला ठेवलं. मित्रांनो, केस उपटण्याचा आवाज होत नाही. झाडूचा होतो. तो रोज पलंगाखाली येई, पुढे जाई. एक दिवस पेटीजवळ येऊन थांबला आणि बराच वेळ हलला नाही. मी वाट पाहत राहिले, की आता झाकण उघडेल.

उघडलं, पण सुट्ट्या लागल्यावर. वनमालाने माझ्या शेजारी एक कोरा, मोठा स्टीलचा डबा ठेवला. तिचे डोळे लाल होते. पण तोंडाने ती त्या भांडीवालीलाच बोलत होती, की एवढी अख्खी वेणी दिली आणि डब्याला झाकण चांगलं दिलं नाही.

तुमच्या घरातही कोणी एखादी क्षुल्लक वस्तू हातात घट्ट धरून बसत असेल. हसायचं तर हसा. पण ती काढून घेण्याआधी, तो रिकामा हात कुठे जाईल, एवढं त्या माणसाला विचारा. तो सांगतो. निधीने सांगितलं होतं.

डब्यावरही तिचंच नाव घालणार आहेत, असं ऐकते. अजून घातलेलं नाही. तो अगदी गुळगुळीत आहे.