कमरेच्या मागाचं दुखणं

मंगळवारी सकाळी अकरा वाजता निदिया क्विझ्पे आरोग्यकेंद्रातल्या मागच्या खोलीचं दार लावून घ्यायची आणि संगणकासमोर बसायची. सात देशांतल्या वीसेक फिजिओथेरपिस्टांचे चेहरे पडद्यावरच्या चौकोनांत एकेक करून उमटायचे. काम सगळ्यांचं एकच होतं. कॅन्सरच्या रुग्णांना जमेल तितके दिवस हिंडतंफिरतं ठेवायचं, आणि हिंडणंफिरणं संपत आलं की निदान त्यांना कमी दुखेल असं बघायचं. दर मंगळवारी दोघातिघांनी आपापला एक रुग्ण मांडायचा, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. प्रत्येकाला बारा मिनिटं.

आज निदियाने दोन्या एर्लिंदाचा, म्हणजे एर्लिंदाबाईचा, हात मांडला होता. दोन वर्षांपूर्वी जवळच्या क्वेन्का शहरातल्या इस्पितळात तिचा डावा स्तन काढला होता, काखेतल्या गाठीही काढल्या होत्या, आणि तेव्हापासून तो हात सुजत होता. निदियाने मनगटापासून खांद्यापर्यंत दर चार सेंटिमीटरवर घेतलेली मापं दाखवली, पट्ट्या बांधल्याचे फोटो दाखवले. तक्त्यात एक रकाना होता, 'आजाराबद्दल रुग्णाला काय माहीत आहे?' त्यात तिने 'अंशतः' असं लिहिलं होतं. लिहिताना ती जरा थांबली होती, पण लिहिलं होतं.

खरं म्हणजे दोन्या एर्लिंदाला एवढंच माहीत होतं, की छातीत एक वाईट गाठ होती आणि ती काढून टाकली. कॅन्सर हा शब्द तिची मुलगी हिमेना हिने घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता. रोजच्या गोळ्या हाडांच्या ताकदीसाठी आहेत, असं आईला सांगितलं होतं. "आईनं ऐकलं तर ती हाय खाऊन मरेल," हिमेना म्हणाली होती, "मग तुझ्या पट्ट्या कुणाला बांधशील?" शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर गप्प बसले, नर्स गप्प बसली, निदियाने तर तसा शब्दच दिला. या गावात, ग्वालासेओत, दर दुसऱ्या घरात असंच चालायचं.

"मापं चांगली आहेत," पडद्यावरून ग्रिसेल्दा म्हणाली. ती माँटेव्हिडिओची. तीस वर्षं याच कामात मुरलेली, हातात कायम 'माते' नावाच्या पाल्याच्या चहाचा कप आणि तोंडात त्याची नळी. "बाकी काही तक्रार?"

"पाठ दुखते म्हणते. तीन आठवडे झाले. पण ती विणकर आहे ना." निदिया हसली. "आमच्याकडे शाली कमरेच्या मागावर, कमरेला बांधायच्या हातमागावर, विणतात. पट्टा कमरेमागून घ्यायचा आणि मागं रेलून ताण द्यायचा, दिवसाचे आठ-आठ तास. ज्या विणकरणीची पाठ दुखत नाही ती आळशी, असं आमच्यात म्हणतात. माझ्या आईचीही दुखायची. मी कमरेचे व्यायाम दिलेत."

ग्रिसेल्दाने नळी तोंडातून काढली.

"झोपल्यावर कमी होतं का दुखणं?"

"नाही, झोपलं की वाढतं. ती हल्ली खुर्चीतच झोपते."

"कुठं दुखतं? कमरेत?"

"जरा वर. पट्टा आवळल्यासारखं पुढं येतं म्हणते, बरगड्यांपर्यंत." शेवटचे शब्द निदियाने सावकाश उच्चारले.

"आणि पाय?"

शुक्रवारी पट्ट्या बांधताना दोन्या एर्लिंदा काय म्हणाली ते निदियाला आठवलं. पोरी, लोकरीच्या ढिगावरून चालल्यासारखं वाटतं गं. तेव्हा दोघी हसल्या होत्या. घरभर लोकर, त्यात पायही लोकरीचे!

तिने ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. पडद्यावर कुणी हसलं नाही.

"निदिया," ग्रिसेल्दा म्हणाली, "हे काय आहे ते तुला माहीत आहे."

माहीत होतं. गेल्याच वर्षी तिने नर्सेसना फळ्यावर काढून शिकवलं होतं. कॅन्सर मणक्यात उतरतो, मणका ढासळतो आणि आतल्या मज्जारज्जूवर दाब येतो. आधी पाठ, मग पाय, मग लघवीवरचा ताबा. तिने स्वतःच्या हाताने तो मणका काढला होता, लाल खडूने. आणि इथे, मागाचा पट्टा समोर दिसला म्हणून, तिने त्या पाठीला वाकायला आणि उठायला लावलं होतं. दिवसातून दहा वेळा.

"पायांचं एक लक्षात ठेव. आज चालत असतील तर उद्याही चालायची आशा असते. एकदा गेले की बहुतेक परत येत नाहीत. तिला सपाट निजव. हलवायचं तर ओंडक्यासारखं, सगळं अंग एकदम. आजच्या आज क्वेन्काला. तिथल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना मी आत्ता फोन लावते, इंजेक्शन तयार ठेवतील. आणि पाठीला कुणी हात लावायचा नाही, तूसुद्धा नाही."

तेवढ्यात एका कोपऱ्यातल्या चौकोनातून किसुमूची अकिन्यी बोलली आणि दुभाष्याने तिचं बोलणं घाईघाईने सांगितलं, "आमच्याकडे अशी पाठ आधी हाडवैद्याकडे जाते. तुमच्याकडे हाडवैद्य आहे का?"

होता, वरच्या गावात. आज मंगळवार. मंगळवार आणि शुक्रवार, उतारे काढायचे आणि हाडं बसवायचे दिवस.

तिने हिमेनाला फोन लावला. लागला नाही. मग त्यांच्या शेजारणीला लावला.

"एर्लिंदा? त्या गेल्या की सकाळीच. हाडं बसवायला, ताइता अबेलिनोकडे, वरच्या गावात. तुमच्या व्यायामानं काही फरक पडेना म्हणून हिमेनाच घेऊन गेली." शेजारीण हसली. "रागावू नका हं डॉक्टरीणबाई."

आरोग्यकेंद्राची पिकअप बाहेर उभी होती. फ्रोइलान ड्रायव्हर उकडलेला मका खात होता. तिचा चेहरा बघून त्याने वाटी तशीच खाली ठेवली. दोघांनी मिळून मागच्या बाजूला एक गादी टाकली आणि गाडी निघाली.

वरचं गाव पंचवीस मिनिटांवर. नदी ओलांडली की रस्ता कच्चा, आणि फोनवरच्या सिग्नलच्या रेघा एकेक करत मावळत जातात. निदिया खिडकीची कड धरून बसली होती. ताइता अबेलिनो, म्हणजे सगळ्यांचा अबेलिनोबाबा, कसा काम करतो ते तिने लहानपणी पाहिलं होतं. रुग्णाला पालथं निजवायचं, तोंडात दारूचा घोट घेऊन पाठीवर फुंकर मारायची, अंगठ्यांनी कण्याची बाजू चोळत वर जायचं आणि शेवटी, गुडघा पाठीवर टेकवून, दोन्ही खांदे मागे ओढायचे. कट् असा आवाज आला की बघणारे देवाचं नाव घ्यायचे. तिच्या आईची पाठ त्याने तशीच मोकळी केली होती.

तो आवाज आता तिच्या कानात घुमू लागला. थांबेना.

"जरा जोरात," ती म्हणाली.

"जोरात नेतो, पण दरीत गेलो तर तुम्ही आपल्या दोघांनाही व्यायाम द्यायचे," फ्रोइलान म्हणाला. ती हसली नाही, तेव्हा त्याने मुकाट्याने गाडी हाणली.

ताइता अबेलिनोच्या अंगणात चार-पाच माणसं बाकावर बसली होती. निदिया त्यांच्या मधून धावत आत गेली. खोलीत दारूचा आणि जाळलेल्या पाल्याचा वास होता. दोन्या एर्लिंदा खाटेवर पालथी पडली होती, पाठ उघडी, ओली. हिमेना तिच्या उशाशी. आणि ताइता अबेलिनो, सत्तरीचा, मनगटं अजून दोरखंडासारखी, गुडघा खाटेवर टेकवत होता.

"हात लावू नका!"

म्हातारा थबकला. तोंडातला घोट त्याने गिळून टाकला.

"या, या. डॉक्टरीणबाई आल्या," तो म्हणाला. "तुमचे तीन आठवडे झाले, आता माझी दहा मिनिटं बघा. की माझं गिऱ्हाईक पळवायला आलात?"

"ताइता, हात जोडते, मागं सरका. ओढलंत का? खांदे ओढलेत का?"

"आत्ता कुठं चोळलंय. ओढणार तेवढ्यात तुम्ही बोंब मारलीत."

निदिया खाटेपाशी गेली. "यांचं हाड नाजूक झालंय," ती म्हणाली. "आतून. ओढलं तर मोडेल."

"अहो, नाजूक हाडाचीच माणसं येतात माझ्याकडे. धट्टीकट्टी कशाला येतील?"

"वय झालंय आईचं, एवढंच," हिमेना घाईने म्हणाली. तिचे डोळे निदियाच्या डोळ्यांवर रोखलेले होते. त्यांत विनवणी होती आणि धमकीही. "ताइता, तुम्ही आज नुसतं चोळा. ओढू नका."

"चोळायचंही नाही," निदिया म्हणाली.

"का पण?" खाटेवरून दोन्या एर्लिंदाचा आवाज आला, उशीत दबलेला. "रात्र रात्र खुर्चीत काढते मी. तुला काय कळणार? अबेलिनो, तू ओढ रे. हिचं ऐकू नकोस. मोडलं तर मोडलं."

म्हाताऱ्याने गुडघा पुन्हा खाटेवर ठेवला. रुग्णाने सांगितलं होतं, मुलगी अडवत नव्हती, त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. नाजूक हाड, वय, अशक्तपणा, या शब्दांनी तो थांबणार नव्हता, आणि का थांबावं? निदियाने दोन वर्षं हेच शब्द वापरले होते आणि त्याच शब्दांच्या वाटेने ही बाई इथपर्यंत येऊन पडली होती.

"दोन्या एर्लिंदा," ती म्हणाली, "ती गाठ कॅन्सरची होती. तो आता तुमच्या मणक्यात उतरलाय असं वाटतंय. ताइतांनी ओढलं तर तुमचे पाय जातील. कायमचे."

ताइता अबेलिनोने गुडघा काढला. हात वर घेऊन तो दोन पावलं मागे गेला, भिंतीला टेकेपर्यंत.

"निदिया!" हिमेना किंचाळली. "शब्द दिला होतास तू!"

"गप," दोन्या एर्लिंदा म्हणाली.

तिचा चेहरा भिंतीकडे होता. निदियाला तो दिसत नव्हता, फक्त उघडी पाठ दिसत होती.

"काढली होती ना पण ती गाठ?"

"काढली होती."

"मग तू मला वाकायला का लावलंस? रोज दहा वेळा?"

"माझं चुकलं. मागाचं दुखणं समजले मी. विचारायला हवं होतं ते विचारलं नाही."

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं मी. मला तरी कुठं माहीत होतं काय सांगायचं ते." ती जरा थांबून म्हणाली, "मला भीती वाटतेय गं. हिमेना, हात दे. नको, तुझा नको. तिचा."

निदियाने खाली बसून तिचा चांगला हात धरला. तळवा घामाने भिजला होता.

पुढचं काम हातांचं होतं. सपाट काहीतरी हवं होतं. ताइता अबेलिनो बाहेर गेला आणि कोठीचं दार बिजागऱ्यांतून उचकटून घेऊन आला. फ्रोइलान आला, बाकावरचे दोघे आले. निदियाने प्रत्येकाला जागा दिली, खांदा, कंबर, गुडघे. डोकं कुणी धरायचं?

"मी धरतो," म्हातारा म्हणाला. "पन्नास वर्षं हेच करतोय. बोट हलणार नाही माझं."

निदियाने त्याच्या हातांकडे पाहिलं आणि होकारार्थी मान डोलावली. तिने एक-दोन-तीन म्हणताच सगळ्यांनी दोन्या एर्लिंदाला एका अंगाने वळवलं, दार खाली सरकवलं. उताणी होताच दोन्या एर्लिंदा ओरडली, असं की अंगणातली कोंबडी उडाली. "बसवा मला! मेले, बसवा!" हिमेना उठवायला धावली आणि निदियाने तिला छातीवर हात देऊन अडवलं. खरं तर निदियालाही दोन्या एर्लिंदाला बसवावंसं वाटत होतं.

पिकअपच्या मागच्या उघड्या भागात, गादीवर दार, दारावर ती. एका बाजूला निदिया, दुसऱ्या बाजूला हिमेना, डोक्याशी ताइता अबेलिनो, दोन्ही तळव्यांत तिचे कान धरून. अंगणातली सगळी गिऱ्हाइकं तशीच सोडून तो आला होता. फ्रोइलान आता इतक्या हळू चालवत होता की कुत्रीसुद्धा पुढे जात होती. नदीपाशी फोनवर सिग्नलची रेघ आली आणि ग्रिसेल्दाचा निरोप उमटला, क्वेन्काला डॉक्टर दारात उभे आहेत.

"काय आलंय?" दोन्या एर्लिंदाने विचारलं.

"डॉक्टर वाट बघतायत."

"पुढं?"

"एवढंच लिहिलंय."

"आता एवढंच-तेवढंच नको. रस्ता संपेपर्यंत सगळं सांग. काय काय होणार, काय काय नाही होणार. काही गाळलंस तर ओळखीन मी."

"आई, नको," हिमेना म्हणाली. ती रडत होती.

"तू दोन वर्षं बोललीस. आता हिला बोलू दे."

निदिया सांगू लागली. इंजेक्शन देतील, त्याने सूज उतरेल. मोठ्या नळकांड्यात घालून पाठीचे फोटो काढतील. मग किरणं देतील, बहुतेक उद्यापासून. दुखणं कमी होईल, हे ती खात्रीने सांगू शकत होती. कॅन्सर जाईल का, या प्रश्नाला तिने नाही म्हटलं. दोन्या एर्लिंदाने डोळे मिटले, पुन्हा उघडले.

"आणि पाय?"

"सकाळी ताइतांच्या अंगणातून चालत आत आलात ना तुम्ही?"

"हिमेनाला धरून. पण आले."

"मग आशा आहे."

पिकअप वळणावर कलली. निदियाने तिचे गुडघे धरले आणि तेव्हा तिची नजर खाली गेली. पायांवरचं पांघरूण वाऱ्याने केव्हाच उडून एका बाजूला गोळा झालं होतं. दोन्ही पावलं उघडी होती, थंडीने निळसर पडलेली. डाव्या टाचेत दाराचा एक वर आलेला खिळा रुतला होता आणि लाकडावर रक्ताचा हाताएवढा डाग पसरला होता. निदियाने पाऊल उचललं, टाच सोडवली, रुमाल दाबून धरला. दोन्या एर्लिंदा आभाळाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही.

हिमेनाने ते पाहिलं. तिने निदियाकडे बघून मान हलवली. नको.

"गप्प का झालीस?" दोन्या एर्लिंदा म्हणाली. "काय झालं?"

रुमालातून रक्त निदियाच्या बोटांवर आलं होतं, कोमट. तिने पाऊल सोडलं नाही. तिथूनच, वाऱ्याच्या वर आवाज चढवून, तिने विचारलं, "दोन्या एर्लिंदा, माझा हात आत्ता कुठं आहे, सांगता येईल?"

"माझ्या हातात होता ना?"

"नाही," निदिया म्हणाली. "तुमच्या पायावर आहे. टाचेला खिळा लागलाय. रक्त येतंय. तुम्हाला ते जाणवलं नाही."

ताइता अबेलिनोचे तळवे घट्ट झाले. पुढे डांबरी रस्ता लागला होता. दोन्या एर्लिंदाने एकदा ओठ आवळले आणि आवाज जमेल तितका मोठा करून, पुढच्या खिडकीच्या दिशेने ओरडली,

"ए पोरा! आता गाडी हाक जोरात!"