लग्नासाठी जपून ठेवलेली सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. जुनी म्हणजे झिजलेली नव्हे. माझ्या सीटवर आजवर कोणी बसलेले नाही. मी जागच्या जागी जुनी झाले.

माझा जन्म १९६४ सालचा. आमच्या कारखान्यात दोन खाती होती. एक खाते सायकली बनवायचे, दुसरे त्या जुन्या करायचे. पहिल्या खात्यात माणसे घामाने भिजत. दुसऱ्यात पंख्याखाली बसून ठरे, की यंदा घोडा छाप, पुढे मोर छाप, मग शेर छाप. सायकल तीच असे, फक्त जनावर बदले. खपतील त्यापेक्षा जास्त सायकली बनत. मग आधीच्या सायकलींना लाज वाटावी, अशी काहीतरी सोय करावीच लागे.

मी घोडा छाप. बालाघाटच्या प्रेमलाल शेठच्या दुकानातून महागूने मला घेतले. महागू वारासिवनीच्या राइस मिलमध्ये पोती वाही. मुलगी पुष्पलता बारा वर्षांची होती. तिच्या लग्नात जावयाला सायकल द्यावी लागणार, तर आधीच घेऊन ठेवलेली बरी, हा त्याचा हिशोब. घरी आणताच त्याने मला गोणपाटात गुंडाळून आढ्याला टांगले. मग तो माझ्या खालून रोज चार मैल पायी मिलमध्ये जाऊ लागला.

दसऱ्याला मात्र मी खाली येई. हळदकुंकू, नारळ. मग महागू मला जवसाच्या तेलाने पुसत असे. चमक राहावी म्हणून टायरांनाही हात भरून तेल लावी.

पुष्पलता आठवी पास झाली. पुढची शाळा वारासिवनीला.

"बाबा, मले सायकल शिकू द्या ना. दांड्याखालून पाय घालून कैंची मारत जाईन, सीटले हात बी नाही लावत."

"अन् नवरदेवाले काय देऊ? टायर घासलेली?"

तिची आई दुर्गाबाई म्हणाली, "अवं, तुह्याचसाठी तं ठेवली हाये."

"माह्यासाठी हाये तं मले काहून भेटत नाही?"

महागूने गोणपाटाची गाठ आणखी घट्ट केली. शाळा सुटली. पुष्पलता धानाच्या रोवणीला जाऊ लागली. आढ्यावरून मी पाहत होते. मला चाके दोन होती, तोंड नव्हते.

१९६८ साली लालबर्ऱ्याचे स्थळ आले. मुलाचे मामा भोजराज यांनी मला उतरवायला लावले आणि बैल पारखावा तसे भोवती फिरले.

"हे तं घोडा छाप होय. आता मोर छाप चालू हाये, पुऱ्या चेनकव्हरची. लोक काय म्हणतीन आमच्या पोराले?"

"पाहुणे, एक फर्लांग चालली नाही हो!"

"चार वर्षांत चालली नाही? मंग काहीतरी खोट असन."

दुसऱ्या दिवशी महागू मला बदलून घ्यायला बालाघाटला निघाला. टायर घासू नयेत म्हणून त्याने मला खांद्यावर घेतले. घराबाहेरचा माझा पहिला प्रवास असा झाला, माणसावर बसून. रस्त्यातले लोक म्हणाले, "काय महागूभाऊ, सायकल थकली का?"

प्रेमलाल शेठने वर बोट दाखवले. दुकानाच्या छताला घोडेच घोडे टांगलेले.

"तुमची एक हाये, माह्याजवळ छत्तीस. कंपनी म्हणते, मोर पाहिजे तं घोडे बी उचला. अन् घाई करा, दिवाळीले शेर येऊन राह्यला."

घरची दुभती म्हैस गेली आणि मोर आला. लग्न झाले. मी त्याच खांद्यावरून परत येऊन आढ्याला लागले.

तीन वर्षांनी पुष्पलता माहेरी आली, कडेवर मुलगी. तिने एकटीनेच मला खाली घेतले, गोणपाट सोडले आणि अंगणात ढकलून पाहिले. टायरांचे तुकडे हातात आले. सायकल मिस्त्री चैतरामने ते बोटांत चुरून पाहिले.

"रबराले तेल कोनं लावलं? तेलानं सडते थे."

महागू आत निघून गेला.

"दुसरे टाका ना, काका."

"या मापाचे आता येत नाही, बाई. नव्या मॉडेलचं माप येगळं हाये. पन तुले काहून पाहिजे?"

"शिकाची होती," पुष्पलता म्हणाली. मग पोरीला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, "राहू द्या. मले तरी आता कुठं जायचं हाये."

मित्रांनो, मला नारळ नको, कुंकू नको. माझी फक्त एक विनंती आहे. तुमच्या घरात सायकल असेल आणि तिच्याकडे मान वर करून पाहणारी मुलगी असेल, तर आजच दोघींना रस्त्यावर सोडा. सायकलीवर चरे पडतील, मुलीचे गुडघे फुटतील, टायर झिजतील. झिजू द्या. झिजलेला टायर निदान कोणाला तरी शाळेपर्यंत पोचवून आलेला असतो.