चार नाही, पाच

आधी माझ्यावरची ती ओली छत्री आणि रिकामी बाटली बाजूला करा. केलीत? आता ऐका. मी स्टेपनी बोलतेय. गाडीचं पाचवं चाक. डिकीच्या तळाशी, गालिच्याखालच्या गोल खड्ड्यात जिला निजवतात आणि मग विसरून जातात, ती मीच. नऊ वर्षं तोंडातून शब्द काढला नाही. आता मात्र राहवत नाही.

आम्ही पाच भावंडं. एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून, एकाच सकाळी बाहेर पडलो. पाचांच्या अंगावर तीच नक्षी, तेच आकडे. माझ्यात कमी काय होतं, सांगा बरं! गाडी जोडणाऱ्याचा हात आधी त्या चौघांकडे गेला आणि मी उरले, एवढंच. तेवढ्यावरून चौघांना रस्ता मिळाला आणि मला अंधार.

माझे मालक यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढायचे. स्वभाव मापात बसलेला. भिंतीवर खिळा ठोकायचा तरी आधी पेन्सिलीची खूण, मग टेप, मग पुन्हा टेप. पण पेट्रोल पंपावर गेलं की हाच माणूस खिडकीतून हात काढून सांगायचा, ‘‘चारही बघा हो हवा.’’ चारही! मापाच्या माणसाला पाचापर्यंत मोजता येऊ नये?

माझ्याकडे बघायची एकच व्यक्ती, मालकीणबाई. रविवारी गाडी धुताना त्या गालिचा उचलायच्या, ओल्या फडक्यानं माझं अंग पुसायच्या आणि म्हणायच्या, ‘‘बिचारी, कशी पडून आहे.’’ बिचारी म्हटलेलं मला आवडायचं नाही. पण पुसलेलं आवडायचं.

मग मालकांचा कारखाना बंद पडला. आठ महिने ते घरी होते. गाडी दाराशी उभी, मालक खिडकीशी उभे. बाईंनी त्या दिवसांत चहातली साखर सोडली. देवापाशी म्हणाल्या होत्या, ‘‘ह्यांना काम लागेपर्यंत गोड तोंडात घालणार नाही.’’ हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. गाडी पुसता पुसता शेजारणीला सांगितलं, म्हणून मला कळलं.

आणि पत्र आलं. दूरच्या शहरात काम, राहायला सामानासकट दोन खोल्या. अट एकच. सोमवारी सकाळी आठला फाटकावर हजर व्हायचं. न आल्यास यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावण्यात येईल. घरात आनंद झाला, पण सगळे जपूनच हसत होते.

दोन दिवसांचा रस्ता आणि सगळा संसार एका गाडीत न्यायचा. मालकांनी पलंग, कपाटं वाटून टाकली आणि उरलेल्या सामानाचा चक्क नकाशा काढला. डिकीचा वरून, डिकीचा बाजूनं. खोक्यांना नंबर दिले. पातेल्यात पातेलं, त्यात डबा, डब्यात चमचे, चमच्यांभोवती मोजे. उशांच्या अभ्र्यांत कपडे भरले. गाद्या टपावर, वर ताडपत्री, तिला आडवी-उभी दोरी. कबूल करते, काम देखणं होतं.

शनिवारी सकाळी निघताना आजींनी, म्हणजे मालकांच्या आईंनी, आपलं शिवणयंत्र पुढं केलं. पाय खोलून वेगळे केलेले, नुसतं काळं लोखंडी डोकं.

मालक म्हणाले, ‘‘आई, हे नकाशात नाही गं.’’

‘‘तू नकाशा काढायला शिकलास तो ह्याच्या जिवावर. मशीन नाही तर मीही नाही. मला शेजारी ठेव आणि जा.’’

मालकांनी टेप काढली. यंत्राचं डोकं मोजलं, मग माझा खड्डा मोजला. बोटभर फरकानं बसत होतं! त्यांचा चेहरा उजळला. पुढच्या क्षणी मी उचलली गेले आणि फाटकाशी कचऱ्याच्या पिंपाला टेकवली गेले. यंत्राभोवती जी फट राहिली तिच्यात जॅक आणि पाना कोंबले, वर सात नंबरचं खोकं, त्यावर नऊ नंबरचं. एक इंच वाया गेला नाही.

‘‘अहो, स्टेपनी?’’ बाई म्हणाल्या.

‘‘नऊ वर्षांत एकदा तरी लागली का?’’

ऐकलंत? हा माझा गुन्हा! मी कधी कुणावर संकट आणलं नाही, हा माझा गुन्हा!

‘‘लांबचा रस्ता आहे. मी पायाशी घेते तिला.’’

‘‘अगं, मग दोन दिवस पाय कुठं ठेवशील?’’

‘‘तिच्यावर.’’

नऊ वर्षांची टिल्ली, त्यांची लेक, मागून खिदळली, ‘‘आई, तू सर्कशीतल्यासारखी दिसणार!’’

तशी मी गाडीत, माणसांत आले. बाईंनी मला टॉवेल पांघरला आणि त्यावर अलगद पाय ठेवले. मग अंगठ्यानं माझं अंग दाबून पाहिलं. ‘‘अहो, हिच्यात हवाच नाही वाटतं.’’

पहिल्याच पंपावर त्या खिडकीतून म्हणाल्या, ‘‘पाचवीतही भरा हो.’’ मागून भोंगे वाजत होते. मालक म्हणाले, ‘‘वापरायची नाही तिला कशाला हवा? मागं रांग लागलीय,’’ आणि गिअर टाकला. चौघे भाऊ तट्ट फुगून धावत होते. मी पायाखाली धुमसत होते.

रविवारी दुपारी, उजाड माळावर, पुढच्या डाव्या भावाचा आवाज झाला. फाट्! गाडी हेलकावली आणि थांबली. मी त्याच्यावर नऊ वर्षं जळले, पण तो आवाज ऐकून माझंही काळीज हललं. बाजू पार चिरली होती. पुढं पाच तासांचा रस्ता, आणि सकाळी आठला फाटक.

मालक उतरले, चिरलेला टायर पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा! मला बाईंच्या पायांखालून काढलं, रस्त्यावर उभं केलं आणि दाबलं. मी बसले. अक्षरशः बसले.

‘‘हिच्यात तर हवाच नाही!’’ मालक ओरडले.

काय सांगू तुम्हाला! असा संताप आला, की अंगात हवा असती तर तिथंच फुटले असते. हवा नाही? कुणी भरली नाही? विचारा ना स्वतःला!

बाई मात्र चिडल्या नाहीत. ‘‘मागं एक टायरचं दुकान गेलं, दीडेक किलोमीटरवर. मी भरून आणते.’’

‘‘तू? मी जातो की.’’

‘‘आणि जॅक कोण काढणार? सगळ्यांच्या खाली आहे ना तो? नकाशा तुम्हालाच माहीत.’’

मालक डिकीकडं वळले. गाडीतून आजी म्हणाल्या, ‘‘जा गं सूनबाई. हा खोकी मोजत बसेल तोवर तू दोनदा येशील.’’

बाईंनी पदर खोचला, मला दोन्ही हातांनी ढकललं आणि मी चालू लागले. माझा पहिला रस्ता! मऊ पडले होते, फेंगडी चालत होते, दर हातभरावर कलंडत होते. टिल्ली एका बाजूनं सावरत होती. बाईंच्या तोंडात देवाचं नाव होतं आणि मध्ये मध्ये माझ्याशी बोलणं. ‘‘थोडं अजून. पडू नकोस हं. आठ महिने काढलेत, आता इथं नाही अडायचं.’’ तळहात काळे झाले त्यांचे. गरम डांबर, खडे, एका बैलाचं शेण, सगळं मला लागत होतं, आणि सगळं मला हवं होतं.

दुकानाचं शटर रविवार म्हणून अर्धं खाली होतं. वाकून बाहेर आलेला टायरवाला मला बघून थबकला. ‘‘वहिनी, ही तर कोरी आहे! हे बघा, रबरावरची केसं तशीच. किती वर्षांची?’’

‘‘नऊ.’’

‘‘नऊ वर्षं हवा तपासली नाही? माणूस उपाशी ठेवला असता तर पोलीस आले असते तुमच्याकडे.’’

असा एक तरी न्यायाचा माणूस भेटला! त्यानं हवा भरली, पाण्यात फिरवून बुडबुडे पाहिले. एकही नाही. ‘‘रबर जुनं आहे. पन्नासच्या वर पळवू नका. नेईल तुम्हाला.’’

परत येताना मी अशी उड्या मारत निघाले, की टिल्लीला धावावं लागलं.

रस्त्याकडेला सगळा संसार उघड्यावर मांडला होता. नऊ नंबरच्या खोक्यावर आजी छत्री धरून बसल्या होत्या, मांडीवर शिवणयंत्राचं डोकं. जॅक नुकताच हाती लागला होता. मालकांनी मला बसवलं आणि नट आवळता आवळता, कुणाकडंही न बघता म्हणाले, ‘‘तू ऐकलं नाहीस माझं, हे बरं झालं.’’

‘‘एरवी तरी कुठं ऐकते?’’ बाई म्हणाल्या.

सामान पुन्हा भरलं ते बाईंनी. खोकी नंबराप्रमाणं गेली नाहीत, पण जॅक सगळ्यांत वर राहिला. चिरलेला भाऊ आता त्यांच्या पायाशी आला. त्याच्यावरही टॉवेल घातला त्यांनी, आणि पाय तसेच अलगद.

वाटेत टपरीवर मालकांनी चहा सांगितला. ‘‘एक बिनसाखरेचा,’’ बाई म्हणाल्या.

‘‘अगं, आता तरी घे. काम लागलंच की.’’ म्हणजे त्यांना माहीत होतं! आठ महिने बघत होता हा माणूस, आणि बोलला नव्हता.

‘‘फाटकातून आत गेलात की घेईन.’’

सोमवारी पावणेआठला मी त्या फाटकाशी उभी होते. रस्त्यावर, चारांतली एक होऊन, पुढच्या डाव्या बाजूला. मालक आत गेले. शेजारच्या टपरीवर बाईंनी दोन चमचे साखर घातलेला चहा घेतला. पहिल्या घोटाला डोळे मिटले आणि कप हातात तसाच धरून बराच वेळ उभ्या राहिल्या.

पुढं काय झालं म्हणता? नवा टायर आला आणि माझी रवानगी पुन्हा खड्ड्यात. शिवणयंत्र आता खिडकीशी चालतं, मी अंधारात. छत्री आली, बाटली आली. राग येणार नाही तर काय होईल?

पण परवा पंपावर मालकांनी सवयीनं हात बाहेर काढला. ‘‘चारही बघा हो...’’ आणि थांबले. दार उघडलं, स्वतः मागं आले, डिकी वर केली, छत्री उचलून आपल्या काखेत धरली. ‘‘आणि ही,’’ म्हणाले. ‘‘हिच्यापासूनच सुरू करा.’’

तुमचीही गाडी खाली उभी असेल. गालिच्याखाली माझी एखादी बहीण असेल. फार काही मागत नाही. आज जरा उतरा, तिला अंगठ्यानं दाबून बघा. आणि मोजताना पाच म्हणा.