लेकीच्या घरचा करंट

नर्मदामाय पाहायची हे प्रेमलताच्या मनात लग्न झाल्यापासून होतं, आणि भिवाजीच्या मनात ते कधी शिरलंच नव्हतं. माणूस वाईट नाही, पण हेकट. एकदा नाही म्हणाला की साक्षात ब्रह्मदेव खाली उतरला तरी नाही. आणि असा हा माणूस यंदा दिवाळी सरल्यावर एका सकाळी बशीतला चहा फुंकता फुंकता म्हणतो काय, "चाल व, नर्मदा पाहून येऊ. आपल्याच रिक्षानं."

प्रेमलताने कपाळावर हात मारला. "बॅटरीच्या रिक्षानं? अवो, ते पांढुर्ण्याच्या टेशनावरून बाजारात जाते तं धापा टाकते!"

"टाकू दे. पेट्रोल तं नाई पेत. करंटावर चालते, अन् करंट घरोघरी राह्यते."

खिसा तसाही रिकामाच होता, त्यामुळे बस आणि लॉजची गोष्टच नको. तिगावात जो तो हसला. "म्हातारपणी हनिमून काय, भिवाजीभौ?" असं पोरासोरांनीही विचारून घेतलं. पण ही दोघं निघाली. ज्वारीच्या पिठाची पिशवी, तिखट-मीठ, दोन ताटल्या, एक लोटी, दोन वाकळा आणि सीटखाली चार्जर, एवढाच सरंजाम.

आता ही बॅटरीची गाडी म्हणजे एक गंमतच आहे बरं. अर्धा दिवस चालायचं आणि अर्धा दिवस कोणाच्या तरी ओसरीत तार लावून बसायचं. बसलं की बोलणं आलं, बोलणं झालं की चहा आला. मुलताई, बैतूल, इटारसी, कुठे पिठाच्या गिरणीत, कुठे एखाद्या मास्तराच्या घरी, असं करत करत दोघं गेली. भिवाजीला फुकट काही घेणं म्हणजे अंगावर पाल पडल्यासारखं. करंट घेतला की त्या घरची एक फेरी मारून द्यायची, मग कोणाची दळणाची पोती असोत की कोणाची दवाखान्यात न्यायची सासू असो. घाटात रिक्षा कण्हायला लागली की प्रेमलता उतरून चालायची. परतताना तामियाच्या चढावर तर एका मक्याच्या ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधून त्यांना वर ओढलं, आणि बाई मागच्या सीटवर बसून मालकिणीच्या थाटात डोंगर पाहत राहिली.

नर्मदेत तिने पोटभर बुड्या मारल्या आणि बाहेर येऊन रडली. साऱ्या वाटेत पाण्याची एक बाटली विकत घेतली नाही, प्लास्टिकची एक पन्नी रस्त्यावर टाकली नाही, की एका रात्रीचं भाडं कोणाला दिलं नाही. एवढं सुख आपल्याला झेपतं हेच तिला नवं होतं.

फक्त एक काटा होता. परतीची वाट सौंसरवरून होती, आणि सौंसरात सुचिता होती.

सुचिता त्यांची एकुलती एक लेक. लग्नाला सहा वर्षं झाली, अजून मूलबाळ नव्हतं. आणि भिवाजीच्या घराण्यात रीत अशी, की लेकीला लेकरू होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. त्याच्या आजाने पाळली, बापाने पाळली, मग हा कसा सोडेल? दर खेपेला तो जावयाच्या दारात जायचा, खाटेवर टेकायचा, पीकपाणी पुसायचा, आलेला गिलास कपाळाला लावून परत करायचा आणि उठायचा. त्याच्यामागून प्रेमलताही उठायची. लेकीच्या स्वतःच्या चुलीवरची भाकरी कशी लागते हे त्या माउलीला अजून ठाऊक नव्हतं. वाटेत अनोळखी बायांनी मायेने वाढलं की तिच्या तोंडात घास फिरायचा, तो ह्याच्यापायी.

शेवटचा मुक्काम उमरानाल्याला एका गिरणीवाल्याकडे पडला. भिवाजीने चार्जिंग लावलं आणि बेत सांगितला, "उद्या सौंसरात सुचितेले उभ्या-उभ्या भेटू अन् तसंच जामसांवलीले निघू. हनुमानजीच्या धर्मशाळेत झोपू, तिथंच चार्जिंग करू. परवा घर."

उभ्या-उभ्या! प्रेमलताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ह्याच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. संध्याकाळी तो गिरणीवाल्यासोबत भजनाला गेला. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि चार्जरचं बटण बंद केलं. लाल दिवा विझला. हिशेब सोपा होता. गाडी लेकीच्या दारात मेली तर हा जाईल कुठे? अर्धा दिवस तिथे बसावं लागेल, आणि अर्धा दिवस बसलेला माणूस घोटभर पाणी तरी पिईलच की नाही? सकाळी त्याच्या आधी उठून तिने बटण पुन्हा चालू करून ठेवलं. साळसूदपणा कोणी तिच्याकडून शिकावा.

सिलेवानीचा घाट उताराचा, त्यामुळे तिथपर्यंत रिक्षा मजेत आली. रामाकोन्याच्या पुढे मात्र मीटरचा काटा भराभर खाली गेला. भिवाजी डॅशबोर्डवर टिचक्या मारू लागला. "काय बाप्पा, रातभर खाल्लं ते गेलं कुठं? म्हातारी झाली हे बी, माह्यावानी." प्रेमलता तोंड फिरवून कापूस वेचणाऱ्या बायांकडे पाहत राहिली, कारण तिला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. सौंसरच्या वेशीवर गाडी पार थांबली. मग पुढून तो ओढतोय, मागून ती ढकलतेय, अशी दोघांची वरात सुचिताच्या गल्लीत शिरली.

सुचिता धावतच बाहेर आली. जावई श्रीकांत कापसाच्या जिनिंगवर कामाला गेला होता. सुचिताची सासू प्रमिलाबाई पदर सावरत दारात आली, "या ईवाई, या ईहीनबाई! बापरे, नर्मदेहून हे ढकलत आनली काय?" हसणं झालं, पाया पडणं झालं.

"बाबा, चार्जिंगले लावा ना," सुचिता म्हणाली. "हा काय, ओसरीतच बोर्ड आहे."

भिवाजीने सीटखालून चार्जर काढला, प्लग हातात धरला आणि तसाच उभा राहिला. प्रेमलताने तो चेहरा तीस वर्षं पाहिला होता. तिला सगळं कळलं.

"नाई बेटा," तो शेवटी म्हणाला. "पान्याचं जे, तेच करंटाचं. लेकीच्या घरचं ते लेकीच्या घरचं."

"अहो बाबा, करंट तं बिजली मंडळाचा राह्यते!"

"बिल तं तुमीच भरता ना?"

गल्लीच्या पलीकडे चिंधूबुवा म्हणून एक म्हातारबा राहायचे. ते ओट्यावर बसून हा तमाशा पाहत होते. भिवाजीने रिक्षा ढकलली ती सरळ त्यांच्या दारात. रामराम घातला, अडचण सांगितली. चिंधूबुवांनी आनंदाने तार लावू दिली, वर तांब्याभर पाणी आणून दिलं. भिवाजी उन्हात गाडी ओढून ओढून पार सुकला होता. त्याने गटागटा एक गिलास रिकामा केला, मग दुसरा.

आणि सुचिता बापासाठी भरलेला गिलास हातात घेऊन आपल्या दारात उभी होती.

प्रेमलताला वाटलं, आपलाच हात चावून घ्यावा. काय करायला गेलो आणि काय करून बसलो! ह्या बह्याडपणापेक्षा उभ्या-उभ्या भेट झालेली परवडली असती.

"आई," सुचिता हळूच म्हणाली, "घरून नर्मदेपर्यंत किती घरचं पानी पेले तुमी दोघं?"

प्रेमलताने बोटांवर मोजायला घेतलं आणि अर्ध्यातच सोडून दिलं.

"बाबानं गिलास वापस केला की सासूबाई काईच म्हणत नाई. चुपचाप आत नेऊन ठेवते. पण दर खेपेले गल्लीत दवंडी होते ना व, सुचिताले अजून काई नाई म्हणून. लोकं इसरले राह्यते, तुमी आले की त्यायले आठवते. तुमी येता तवा मले इतका आनंद होते, अन् पाच मिनिटानं वाटते, कायले आले."

प्रमिलाबाई कावरीबावरी झाली. "पोरी, मी कधी बोलली काय तुले?"

"नाई ना सासूबाई. म्हणून तं आणखीन लागते."

प्रेमलता लेकीच्या हातातल्या गिलासाकडे पाहत राहिली. सहा वर्षं ती नवऱ्याला मनातल्या मनात बोल लावत आली होती. हा हेकट, ह्याची रीत हेकट, ह्याचं घराणं हेकट! पण तिला कोणी सांगितलं होतं की तू पिऊ नको? त्याने कधी तोंडाने म्हटलं नव्हतं. तो उठला की ती उठायची, बस. रात्रभराचं चार्जिंग बुडवायची अक्कल चालली, आणि हातभर अंतरावरचा गिलास घ्यायची चालली नाही. तिला स्वतःची अशी लाज वाटली की बोलता सोय नाही.

तिने गिलास घेतला आणि एका दमात संपवला. मग पदराने तोंड पुसून ती गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अवो! मी पानी पेली! लेकीच्या घरचं! आयकलं काय?"

दोन खिडक्या उघडल्या. चिंधूबुवा ओट्यावरून अर्धे उठले. भिवाजीच्या हातातला तिसरा गिलास तोंडापाशीच थांबला.

"बह्याड झाली काय तू?"

"हाव, झाली! शहानी होती तवा पोरीचा जीव जाळला." ती तरातरा गल्ली ओलांडून गेली, आणि पुढचं मात्र तिने आवाज खाली करून सांगितलं. सुचिता जे बोलली ते सगळं, दवंडीचं, आणि पाच मिनिटांचंही.

भिवाजी ओट्याच्या कडेवर बसला. "मी तं तिचा मान राखून राहिलो होतो व," तो म्हणाला. "बाप येते अन् खाऊन जाते, असं कोणी तिले बोलू नये म्हणून."

"माईत आहे मले. तुमचं मन काई खोटं नाई. पण तिच्या वाट्याले काय आलं ते पाहा ना."

चिंधूबुवांचे कान इकडेच होते. ते घसा खाकरून म्हणाले, "भिवाजीभौ, मधात बोलतो, राग मानू नका. माही तार अन् तिची तार एकाच खांब्यावरून येते. माहा करंट चालते, तिचा काऊन नाई चालत?"

भिवाजी हसला नाही. त्याने उठून प्लग काढला, तार हाताच्या कोपराला गुंडाळली, चिंधूबुवांना हात जोडले आणि रिक्षा पुन्हा ढकलत लेकीच्या दारात आणली. ओसरीतल्या बोर्डात त्याने प्लग खोचला. लाल दिवा लागला. कोणाकडे न पाहता तो खाटेऐवजी खाली चटईवरच बसला आणि म्हणाला, "ईहीनबाई, भूक लागली."

मग काय विचारता! प्रमिलाबाईच्या अंगात वारं शिरलं. "सुचिता, बेसन काढ, पातोडी करू! लसूण सोल! श्रीकांतले फोन लाव, म्हणा दही घेऊन ये!" प्रेमलता पहिल्यांदा लेकीच्या स्वयंपाकघरात गेली. डबे कुठे ठेवलेत ते पाहिलं, फडताळावर हात फिरवला, चूल लेकीने छान सारवली होती ते पाहून मनात दृष्ट काढली. मग राहवेना म्हणून तिने बटणाची भानगड लेकीच्या कानात सांगून टाकली. सुचिता पिठाचे हात तसेच धरून हसत सुटली. एवढी हसली की बाहेरून भिवाजीने विचारलं, "काय झालं व?" आणि दोघी एकदम म्हणाल्या, "काई नाई!"

श्रीकांत दही घेऊन आला. सासऱ्याला आपल्या ओसरीत ताटापुढे बसलेलं पाहून तो दारातच थबकला, पण पोरगा शहाणा. चपला काढून शेजारी बसला. गरम भाकरी आली, पातोडीचा लालभडक रस्सा आला. भिवाजीने पहिला घास मोडला आणि सुचिता पळी हातात घेऊन समोर उभी राहिली.

"बाबा, मीठ बरोबर आहे काय?"

किती साधी गोष्ट! पण सहा वर्षांत तिला बापाला हे विचारता आलं नव्हतं. प्रेमलताने मनात हनुमानजीचा धावा केला, की देवा, ह्या माणसाला आज चांगलं बोलायची बुद्धी दे. साऱ्या वाटेत प्रत्येक घरी त्याने अळणी वरणालाही अमृत म्हटलं होतं.

भिवाजीने घास सावकाश चावला. "जरा जास्त झालं," तो म्हणाला. "तुह्या मायच्यावानीच."

प्रेमलताला वाटलं, आता ही पळीच घालावी ह्याच्या डोक्यात. प्रमिलाबाईने तोंडाला पदर लावला. पण सुचिताचा चेहरा पाहिला आणि प्रेमलताचा राग निवला. पाहुणा कधी मिठाला नावं ठेवत नाही, घरचा माणूस ठेवतो. सुचिता हसत होती, आणि डोळ्यांतलं पाणी मनगटाने पुसत होती.

"मंग दही घ्या वरून," तिने दटावलं, आणि न विचारता दुसरी भाकरी बापाच्या ताटात टाकली. भिवाजीने हात आडवा धरला नाही.