चौसष्ट ग्रॅम ऑक्सिजन

घाटकोपरला फरसाणाच्या दुकानावर, माडीवर हर्षद सरांचा क्लास आहे. खालून पापडी तळल्याचा वास येतो आणि वर अकरावीची पोरं कोंबलेली असतात. जास्त मार्कांची पुढच्या बाकांवर, बाकीची मागे. पालकांना ही पद्धत फार आवडते. आपलं पोर मागे जाईपर्यंत!

त्या दिवशी विषय होता ग्रॅमवरून मोल काढण्याचा. सरांची युक्ती ठरलेली. फळ्यावर त्रिकोण, वर ग्रॅम, खाली मोल आणि मोलर मास, म्हणजे एका मोलचं वजन. "जे काढायचं त्यावर बोट ठेवा, उरलेलं करा. जास्त डोकं लावू नका!"

मग गणित लिहिलं. चौसष्ट ग्रॅम ऑक्सिजन वायू म्हणजे किती मोल? सोडवलंही त्यांनीच. नोट्सच्या तक्त्यात ऑक्सिजनपुढे सोळा छापलेलं. चौसष्टला सोळाने भागलं, उत्तर चार.

मागून एक हात वर आला. शीतलचा.

"सर, दोन ना? वायूत ऑक्सिजनचे अणू जोडीने असतात. मग बत्तीसने भागायला पाहिजे."

सरांनी ऐकलंच नाही. मागच्या बाकावरची पोरगी भर वर्गात आपली चूक काढतेय, एवढंच त्यांना दिसलं.

"अगं, तू कशाला टेन्शन घेतेस? तुमच्या आडनावाला ॲडमिशनची लिस्ट वेगळीच लागते ना!"

वर्ग फिदीफिदी हसला. पुढच्या बाकावरच्या सुयोगने तर बाक बडवला. शीतल खाली बसली आणि वही मिटली.

तास संपला, पोरं मधल्या सुट्टीत खाली गेली. पुढच्या तासाला फिजिक्स शिकवणाऱ्या अनुपमा मॅडम आल्या आणि फळ्यासमोर थबकल्या.

"हे चार कोणी काढलं रे?"

"मी. का?" सर म्हणाले.

"वायू लिहिलंयस ना? मग सोळा कुठून आणलास? बत्तीस घे."

सरांची कानशिलं तापली. "शीतल तेच म्हणत होती..."

"मग तू काय म्हणालास तिला?"

भर वर्गात सहज फेकलेलं ते वाक्य आता एका माणसासमोर तोंडातून निघेना. कसंबसं सांगितलं आणि त्यांनी डस्टर उचललं. "पुसून टाकतो. उद्या नोट्स दुरुस्त करून देतो."

"फळा पुसशील. ते वाक्य कशाने पुसणार?"

"अगं, गमतीत म्हणालो."

"गंमत? सगळ्यांसमोर तू तिला तिची जात दाखवलीस! आणि हसणाऱ्यांना शिकवलंस की हे असं बोलायचं असतं. हर्षद, नुसत्या वजनावरून मोल निघतो का रे? समोर काय आहे ते आधी बघावं लागतं. तू ऑक्सिजन बघितला नाहीस, आणि ती पोरगीही बघितली नाहीस."

सरांना वाटलं, शीतल आता क्लासला येणार नाही. मनातल्या मनात त्यांना सुटल्यासारखंही वाटलं. किती हलकट असतं माणसाचं मन!

पण दुसऱ्या दिवशी शीतल आली. त्याच बाकावर बसली. सरांनी मुद्दाम सोपा प्रश्न विचारला. सगळ्यांचे हात वर गेले, तिचे दोन्ही हात मांडीवरच राहिले. आपण काय मारलंय ते सरांना तेव्हा कळलं!

त्यांनी खडू खाली ठेवला.

"काल माझं उत्तर चुकलं. शीतलचं बरोबर होतं. पण त्याहून वाईट म्हणजे मी तिला घाण बोललो. तुम्ही हसलात, तेही घाण होतं. शीतल, मला माफ कर."

सुयोगने मान खाली घातली. शीतल उभी राहिली.

"सर, उत्तर दोन आहे हे मला कालच माहीत होतं. मी खाली बसले ती उत्तरामुळे नाही. आणि माझं उत्तर चुकलं असतं, तर तुमचं बोलणं बरोबर ठरलं असतं का?"

"नाही," एवढंच ते म्हणाले. मार्कांप्रमाणे बसवणं त्यांनी त्याच दिवशी बंद केलं. शीतल मात्र मागेच बसली. तिचा हात पुन्हा वर यायला वेळ लागेल, आणि तेवढा वेळ सरांनी मान खाली घालूनच शिकवावं!

आणि वाचणाऱ्यांनो, तुम्हीही हसला असाल कधी अशा वाक्याला. घरी, ऑफिसात, पोरांसमोर. तुमच्या त्या हसण्याने कुणीतरी खाली बसलंय. माणूस कोण आहे हे त्याच्या तोंडून ऐका, आडनावावरून काढू नका. आणि पुढच्या वेळी कुणी असं बोललं, तर हसू नका. उठून उभे राहा!